चौथ्या यंत्राची तळटीप

"वरून बघितलंस तर चार नंबरचं यंत्र धडधाकट. खरं म्हणजे ते नुसतं माझ्या हातावर चालतंय," बाबा सांगत होते. नातीच्या गाडीचं निखळलेलं चाक बसवता बसवता त्यांनी मान वर केली. "कानानं ऐकायचं आणि नट पाव फेरा आवळायचा. कुणाला बोलू नकोस हं."

समोर वही घेऊन बसलेली लेक हसली आणि तिनं तेही लिहून घेतलं.

खोके बनवायच्या कारखान्यात बाबा एकतीस वर्षं फिटर होते, आणि आता तर तिथले एकमेव. लेक आठवडाभर विमा कचेरीत, शनिवार-रविवार कॉर्पोरेट फायनान्सच्या पदव्युत्तर वर्गात. त्या दोन दिवशी बाबांना साप्ताहिक सुट्टी, म्हणून अडीच वर्षांची नात आजोबांकडे. पोरगी कंपन्यांचं मोल करायला शिकतेय, हे बाबांनी अख्ख्या कारखान्याला ऐकवून झालं होतं. मग आमचंही कर म्हणावं, असं कुणीतरी चेष्टेत म्हणालं, आणि तिनं प्रकल्पाला तोच कारखाना घेतला.

शिकवणाऱ्या सरांचं मुलांनी नाव ठेवलं होतं समजासर, कारण त्यांचं प्रत्येक उत्तर 'समजा'पासून सुरू व्हायचं. प्रत्येक कंपनीच्या दोन किमती असतात, असं ते सांगत: एक चालती ठेवली तर, दुसरी मोडून विकली तर. बाकीच्यांनी बड्या कंपन्यांचे अहवाल उतरवून काढले. हिचा कागद जिवंत होता. सरांनी तिला तासभर बसवून घेतलं, फाटकासमोरचा रस्ता किती रुंद हेसुद्धा विचारलं. मूल झाल्यापासून तिचं वाक्य शेवटपर्यंत ऐकून घेणारं पहिल्यांदाच कुणी भेटलं होतं. ती बोलत गेली. समजा, ती जागा घरं बांधायला मोकळी झाली, सर म्हणाले. तिनं तसं मांडून पाहिलं, तर मोडीची किंमत चालत्या किमतीच्या दुप्पट निघाली.

तक्त्याखाली तिनं एक तळटीप टाकली. तिची गरज नव्हती. बापाचा अभिमान कुठंतरी लिहायचा होता, एवढंच. पैकीच्या पैकी गुण मिळाले.

चार महिन्यांनी एका शनिवारी संध्याकाळी बाबांनी खिशातून चौघडी कागद काढला. कारखाना नव्या मालकांनी घेतला होता. तो महिनाअखेर बंद का करावा लागतो हे कामगारांना समजावायला सभा झाली, त्यात हा वाटला होता.

"जरा वाचून सांग. तुझ्या विषयातलं दिसतंय."

रकाने तिचे होते, त्यांचा क्रमही तिचाच. तळटीप जशीच्या तशी होती: 'चौथे यंत्र केवळ एका कसलेल्या फिटरच्या हातावर चालते, तो निवृत्त झाल्यावर त्याची किंमत भंगाराइतकी.' शेवटी सल्लागार म्हणून समजासरांचं नाव होतं. तिच्यानं मोठ्यानं वाचवेना. गिचमिड आहे, नीट बघून सांगते, म्हणत ती कागद घेऊन घरी गेली.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या जेवणाच्या सुट्टीत तिनं तो सरांपुढे ठेवला. त्यांनी चष्मासुद्धा सरळ केला नाही. वर्गातलं काम बाहेर उपयोगी पडलं याचा आनंद मान, अशी माणसं आम्हाला हवीच असतात, असं म्हणून त्यांनी आपलं कार्ड पुढं सरकवलं. मला न विचारता कसं वापरलंत, असं तिनं विचारलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "समजा, विचारलं असतं. समजा, खाली तुझं नाव घातलं असतं. चाललं असतं तुला?"

तिनं कागद उचलून घेतला. कार्ड मात्र तिनं टेबलावरच राहू दिलं.

बाबांना कागद परत देऊन सगळं सांगताना ती त्यांच्याकडे बघत नव्हती.

"माहीत होतं," शेवटी ते म्हणाले. "चार नंबरचं मी दुसऱ्या कुणाला सांगितलंच नव्हतं."

सभेत ती ओळ वाचली गेली तेव्हा एकशे दहा माना त्यांच्याकडे वळल्या होत्या. आपणच कुठंतरी बोलून गेलो, असं त्यांनी सांगून टाकलं. आता लोकांना वाटत होतं, फिटरनं पैसे खाल्ले.

"मी येते. सांगते सगळ्यांना."

"काय सांगशील? बापानं लेकीला सांगितलं, लेकीनं लिहिलं? तुला कशाला गं त्यात ओढू?" त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला. "एवढंच दाखव. यात आम्ही कुठल्या ओळीत आहोत?"

तिनं बोट ठेवलं. 'बंद करण्याचा खर्च'.

"म्हणजे वजा बाजूला."

"हो, बाबा."

त्यांनी मान हलवली, एखाद्या सुट्या भागाचं माप बरोबर निघाल्यावर हलवावी तशी.

शेवटच्या पेपरच्या दिवशी बाबांची साप्ताहिक सुट्टी होती. दुपारी ती आपल्या मुलीला सोडायला आली तेव्हा पहिली पाळी सुटून कारखान्यातली माणसं बाबांच्या दारावरून चालली होती. एरवी प्रत्येक जण 'काय फिटर' म्हटल्याशिवाय पुढं जात नसे. आज पायांचा आवाज तेवढा येत होता. बाबा नातीला कडेवर घेऊन उंबऱ्यात ताठ उभे होते. नात मात्र रोजच्या सवयीनं येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला हात हलवत होती. एका वयस्कर माणसाचा हात अर्धवट वर आला आणि खिशात गेला.

तिनं बाबांना आत चला म्हटलं. ते हलले नाहीत. शेवटचा माणूस कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्यांनी कुणाचीही नजर चुकवली नाही.

"जा," मग ते म्हणाले. "पेपरला उशीर होईल तुला."