ताईचा घसा

धाकट्या भावाच्या पोटात आपली किडनी गेल्यापासून ताई दारात ठाणेदारासारखी ठाण मांडून होती. परकी किडनी शरीराने झिडकारू नये म्हणून दिलेल्या गोळ्यांनी त्याची आतली राखण पार झोपवली होती. तेव्हा बाहेरची राखण हिच्याकडे. हात धुवा, मास्क लावा, शिंक आली तर आल्या पावली परत.

मावशी भेटायला आली आणि नुसती खाकरली. ताईने तिला पायरीवरच थोपवलं.

"अगं, घसा साफ केला मी!"

"घरी जाऊन कर. हवं तर खिडकीतून बघ त्याला."

"तुला कडेवर घेऊन फिरलेय मी. खिडकीतून बघायला चोर आहे का?"

"चोर परवडला. तो घेऊन जातो, देऊन जात नाही."

मावशी फणकाऱ्याने निघून गेली. आतून धाकटा हसला, "ताई, एक दिवस स्वतःलाच बाहेर काढशील."

संध्याकाळी ताईचाच घसा खवखवू लागला. नळ मोठा सोडून तिने गुळण्या केल्या. आपण बाजूला झालो तर त्याचं पथ्यपाणी कोण बघणार? मावशीला आता कुठल्या तोंडाने बोलवायचं? तिने एकावर एक दोन मास्क चढवले आणि कामाला लागली.

"आवाज बसलाय तुझा."

"मावशीशी भांडून बसलाय."

दोन दिवसांनी कप देताना त्याची बोटं लागली. चटकाच बसला. थर्मामीटर बघून तिने दवाखान्यात फोन लावला.

"मनाने तापाची गोळी देऊ नका, लगेच घेऊन या," सिस्टर म्हणाल्या. "घरात कुणी आजारी आहे?"

धाकटा तिच्याकडेच बघत होता.

"हो," ताई म्हणाली. "मी."

"मग तुम्ही सोबत येऊ नका. दुसरं कुणी आहे?"

मावशी आली. बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले, मास्क बांधला आणि दारातल्या ताईला म्हणाली, "सरक."

ताई सरकली. गाडीपर्यंत धावली खरी, पण हातभर अंतरावर थबकली. बंद काचेतून धाकट्याने स्वतःच्या नाकावर बोट टेकवलं. तिला आधी कळेना. मग कळलं. रडण्याच्या भरात तिचा मास्क हनुवटीवर आला होता.

तिने तो वर ओढला. गाडी निघाली.