तीन बोटं

बाबांच्या तेरवीच्या पंगतीत मनोहररावांनी माझे आभार मानले. ते आणि माझे वडील हिंगण्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं शेजारशेजारच्या लेथवर उभे राहिले होते. मी कढी वाढत त्यांच्या पानापर्यंत आले होते.

"मिनल बेटा, तुह्या हातच्या लाडवाले तोड नाही," ते म्हणाले. "जवसाचे, शेंगदाण्याचे. आमच्या अख्ख्या लाइनीनं दोन वर्षं खाल्ले."

"तुम्ही?"

"मंग? मधुकर डबा उघडून सगळ्यायच्या मधोमध ठेवे. पोरीनं पाठवलं, खा म्हणे. फुटाणे, गूळ, ज्वारीची भाकर. आमची पहिली पाळी तुह्या डब्यावरच निघे."

"आणि बाबा काय खायचे?"

पुरीचा घास त्यांच्या हातातच राहिला. "त्याचा चहा राहे ना," ते म्हणाले. "अन् खर्रा."

मी आहारतज्ज्ञ आहे. महाल भागात माझं छोटं क्लिनिक आहे, आणि दर मंगळवारी एका स्थानिक दैनिकात मी लिहिते: दिवसभर थकवा येऊ नये म्हणून काय खावं, पाणी कधी प्यावं, उपाशीपोटी चहा का घेऊ नये. लोक ती कात्रणं फ्रिजवर लावतात.

अडीच वर्षांपूर्वी बाबा थकायला लागले. पाळीवरून आले की बूटही न काढता खुर्चीत बसून राहत. मी रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन कमी निघालं, म्हणून मी त्यांना तक्ता लिहून दिला. अकरा मुद्दे होते. उठल्यावर भिजवलेले बदाम, निघण्यापूर्वी भाकरी, दहा वाजता फुटाणे आणि गूळ, दर तासाला पाणी. अकरावा मुद्दा, खर्रा बंद. तो मी शेवटी ठेवला होता. सुपारी-तंबाखू पन्नीत घोटून घेतल्याशिवाय इथे अर्ध्या शहराचा दिवस सुरू होत नाही, आणि नावडती गोष्ट आधी सांगितली तर माणूस पुढचं काहीच ऐकत नाही, हा माझा अनुभव होता.

बाबा माझा भाऊ अश्विन आणि त्याची बायको कामिनी यांच्याकडे हिंगणा रोडला राहत. दर रविवारी मी आठवड्याचे डबे भरून तिथे न्यायचे; भाकरी तेवढी कामिनी रोज भाजायची. मागचे डबे रिकामे, धुऊन पालथे घातलेले असत. मला बरं वाटे. हिमोग्लोबिन मात्र वाढत नव्हतं, म्हणून मी अजून कसदार गोष्टी पाठवू लागले. फुटाण्यांसोबत खारका. भाकरीसोबत कच्चं गाजर.

मग एका सकाळी ते लेथजवळ चक्कर येऊन पडले. दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना आ करायला सांगितलं. निरोगी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं उभी जातात. बाबांचं एक गेलं. गाल आतून ताठ झाले होते, आणि उजव्या गालातली गाठ मानेत उतरली होती. पुढचे चार महिने त्यांनी माझा तक्ता तंतोतंत पाळला. नाकातल्या नळीतून.

तोंड शेवटी शेवटी मिटलं असेल, अशी मी समजूत करून घेतली होती. आज मनोहररावांच्या कौतुकानं ती संपली. दोन वर्षं मी चावता न येणाऱ्या माणसाला फुटाणे पाठवत होते.

पंगतीच्या टोकाला अश्विन बसला होता. डोक्याचं मुंडण झालेलं. त्यानं वडा कढीत कुस्करला होता, पुरीचे नखाएवढे तुकडे केले होते, आणि एकेक तुकडा बोटानं ओठांच्या आत सरकवत होता. तोही त्याच कारखान्यात, पहिल्या पाळीत.

पाहुणे निघाल्यावर मी त्याला मागच्या नळापाशी गाठलं. कामिनी तिथेच भांडी घासत होती.

"वडा कुस्करून काहून खाल्ला?"

"कढीत मऊ होते. हे बी तक्त्यात नाही बसत का?"

"बाबा डबा वाटून टाकत होते. तुले माहीत होतं?"

"हाव."

"मले काहून नाही सांगितलं?"

"त्यायनंच सांगू नको म्हटलं. पोरगी पेपरात लिहिते, लोक तिले विचारायले येतात, अन् तिच्याच बापाचं तोंड उघडत नाही म्हणजे तिची काय इज्जत राहीन, म्हणे." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "अन् तू तरी पाह्यलं का? दर रविवारी येत होती. डबे मोजून नेत होती. एक दिवस तरी त्यायच्या ताटासमोर बसली का?"

बसले नव्हते. 'मी जेवलो, तू जेव,' बाबा म्हणत, आणि मी जेवत असे. बोलताना ते तोंडावर हात धरत. रंगलेल्या दातांची लाज वाटत असेल, असं मीच ठरवून टाकलं होतं.

"माझ्यावर राग काढ," मी म्हटलं. "पण तोंड उघड."

"आज तेरवी आहे बाबाची. दवाखाना उद्या लावजो."

"उघड ना गा."

"एकदा पहिल्या पाळीले येऊन पाह्य तू. साडेपाचले बस येते. त्या वक्ती पोटात घास जात नाही. एक खर्रा टाकला का माणूस बारा वाजेपर्यंत उभा राहते. भिजवलेल्या बदामावर लेथ नाही चालत, ताई."

"दाखवा त्यायले," कामिनी म्हणाली.

"तू गप राह्य वं."

"वरीसभर गपच राहिली मी. मामंजीचा पातळ भात शिजवू, त्यातलाच तुम्हाले वाढू. भाताच्या एका गंजात दोघायचं भागे."

नळ चालूच होता. तिनं तो बंद केला. माझ्याकडे न बघता अश्विननं तोंड उघडलं. त्याची दोन बोटं कशीबशी गेली. तिसरं दातांवर अडलं. गालाची आतली बाजू पांढरट दिसत होती, आणि एका ठिकाणी लाल, सोललेली.

"सोमवारी दवाखान्यात जाऊ. मी नंबर लावते."

"जाईन. कामिनीसंग जाईन. तू नको येऊ."

"काहून?"

"तू आली का डॉक्टरसंग तूच बोलते. बाबाच्या वेळी पाह्यलं ना मी. ते खुर्चीत बसून राहिले, अन् काय होते, कुठं दुखते, सगळं तूच सांगत होती."

मला बरंच काही बोलता आलं असतं. त्याचं तोंड पुन्हा मिटलं तर ते कोणी उघडवणार नव्हतं. "बरं," मी म्हटलं. "तुम्ही दोघं जा."

ते गेले. सोमवारी संध्याकाळी कामिनीचा फोन आला. गालातला तुकडा तपासायला घेतलाय, शुक्रवारी कळेल. खर्रा आजपासून बंद केला तर तोंड उघडतंय तेवढं टिकेल. गेलेलं परत येणं कठीण, असं डॉक्टर म्हणाले. सकाळी जाताना त्यानं एक खाल्ला होता. येताना पानठेल्यापाशी गाडी हळू केली, पण थांबवली नाही. उद्याचं तिला सांगता येत नव्हतं.

पातळ लापशी, ताकातलं नाचणीचं पीठ, घोटलेली डाळ, असं सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. मी विचारलं, "तो खातो काय सध्या?"

हे तिला कोणी विचारलं नसावं.

"सकाळी चहात टोस बुडवून. तोही अर्धाच," ती म्हणाली. "डब्यात दहीभात, पण डबा सगळ्यायसंग नाही उघडत, कोपऱ्यात जाऊन खातात. पोळी दुधात भिजवून ठेवते मी, ती कधी खाल्ली, कधी तशीच. तिखट लागलं का डोळ्यातून पाणी येते. मी पाहून राहिली असं दिसलं, का कांदा झोंबला म्हणतात."

"अजून सांग," मी म्हटलं.