सगळं चांगलं आहे म्हणतात

फर्मिनने टेबलावर हात आपटला, तशा मोजायला मांडलेल्या राजम्याच्या बिया उडून जमिनीवर सांडल्या.

"सात आठे किती?"

त्याची पोर सितलाली टेबलाखाली शिरून एकेक बी वेचू लागली.

"काल येत होतं ना? रात्रीतून उंदरांनी खाल्लं? आळस आहे, निव्वळ आळस! आजार गेला, लाड काही जात नाहीत."

"अहो, पाहुण्या बसल्यात," ओदिलिया शेगडीपाशी पुटपुटली.

पाहुण्या म्हणजे आम्पारोबाई. रक्ताच्या कर्करोगातून उठलेल्या मुलांना अभ्यासात हात कसा द्यायचा, ते घरोघर जाऊन आईबापांना शिकवायचं, हे त्यांचं काम. त्याही मेक्सिकोतल्या मिचोआकानमधूनच अमेरिकेत आलेल्या, म्हणून फर्मिनने घरात घेतलं, एवढंच. आठवडाभर स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत वाकून त्याची पाठ धरली होती.

बाईंनी कॉफीचा पेला खाली ठेवला.

"फर्मिनदादा, पोर आळशी नाही. पाठीच्या कण्यात सुई देत होते ना, ते औषध मेंदूपर्यंत जातं. आजाराला तिथं लपू देत नाही. पण काही मुलांच्या बाबतीत जाता जाता थोडं नुकसान करून जातं. मग ऐकलेलं टिकत नाही, विचाराला वेळ लागतो."

फर्मिन उभाच राहिला. सुई देताना पोरीला कुणीतरी मुडपून घट्ट धरावं लागे. ओदिलियाला ते बघवायचं नाही, म्हणून दर वेळी तोच धरायचा. सहा वर्षांची पोर "पप्पा, सोडा" म्हणून किंचाळायची आणि तो तिच्या कानाशी म्हणायचा, "झालंच राणी, झालंच." एकदाही हलू दिली नाही, असं तो शेतावरच्या माणसांना छाती फुगवून सांगायचा.

"म्हणजे मीच..."

"ती सुई नसती तर आज ही इथं नसती, दादा."

"मग आम्हाला कुणी सांगितलं कसं नाही?"

बाई जरा अडखळल्या. "डॉक्टर मला म्हणाले, गेल्या वर्षीच्या तपासणीत त्यांनी सगळं समजावलं होतं."

ओदिलियाने वळून नवऱ्याकडे पाहिलं. त्या दिवशी स्पॅनिशची दुभाषी आली नव्हती. डॉक्टर इंग्रजीत बराच वेळ बोलत होते, आणि खुर्चीत पाय हलवत बसलेल्या सितलालीने शेवटी सांगितलं होतं, "सगळं चांगलं आहे म्हणतात." त्या आनंदात फर्मिनने सगळ्यांना माशाचे टाको खाऊ घातले होते.

तो गुडघ्यांवर बसला आणि टेबलाखाली वाकला.

"पोरी, डॉक्टर काय म्हणाले ते तुला कळलं होतं?"

तिने हो म्हणून मान हलवली.

"मग सांगितलं का नाहीस?"

तिने मुठीतल्या बिया दुसऱ्या हातात ओतल्या.

"सुई देताना मला तुम्हीच धरायचात ना," ती म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटलं असतं."

या वर्षभरात तो तिला काय काय बोलला होता! आठवायचं नव्हतं, तरी शब्द आपणहून येत राहिले. दगड. गाढव. बापाच्या जिवावर बसून खाणारी. शेगडी बंद करून ओदिलिया भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

फर्मिनने बाईंना विचारलं, "मी काय करू?"

"एका वेळी एकच गोष्ट विचारा. मग गप्प बसा. तिला वेळ लागेल. त्यात आपण बोलायचं नाही."

"म्हणजे बरं होईल?"

"गेलं ते परत येईलच असं नाही, दादा. दुसरी वाट सापडते. कधी कधी."

त्याने सितलालीचा हात धरून तिला बाहेर काढलं, शेजारी खुर्ची ओढली. शाळेतून आलेला गणिताचा कागद इंग्रजीत होता. त्याला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

"काय लिहिलंय, मला सांग."

ती बोट ठेवून वाचू लागली. मध्येच हरवली, पुन्हा वर गेली. फर्मिनने दोन्ही तळवे गुडघ्यांत दाबून धरले.

"बसमध्ये चाळीस मुलं आहेत," ती अखेर म्हणाली. "बारा उतरली."

"एवढंच? काही गाळलं नाहीस ना?"

सितलालीने त्याच्याकडे पाहिलं. मग बोट पुन्हा पहिल्या शब्दावर नेलं. फर्मिन थांबला.