पुलापलीकडचं कार्ड

बुरुलने आयचुरोकच्या नावासमोरची एक खूण पुसली, मग आणखी एक, आणि चहाचा घोट घेतला. पडद्यावरच्या चौकटी रिकाम्या झाल्या. रक्ताचे अहवाल बंद. औषधांची यादी बंद. राहिली फक्त रुग्णांची कार्डं. तीही तपासणीची तारीख देण्यापुरती.

आजवर अख्ख्या दवाखान्याचा एकच पासवर्ड होता, मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीने डकवलेला. राजधानीहून डॉक्टर इसाक आले आणि पहिल्याच आठवड्यात कडाडले, "ही काय सराई आहे, येईल त्यानं डोकावावं?" ज्याला जेवढं लागतं तेवढंच त्याने पाहायचं, आणि कोणी काय उघडलं याची नोंद राहणार. किल्ल्या बुरुलच्या हाती आल्या. सगळे तिला एजे म्हणत, थोरली बहीण म्हणून; तिच्याशिवाय हे काम कोणाला देणार?

"एजे, माझं अर्धं काम कुलपात गेलं की गं," नर्स तुर्सुन म्हणाली. "आता माझ्या नवऱ्याच्या खिशालाही पासवर्ड लावून दे."

"त्याच्या खिशात आहे काय, कुलूप लावायला?"

हसू उसळलं. सगळ्यात मोकळं हसली ती आयचुरोक. वर्षभरापूर्वी नोंदणीच्या खिडकीवर बसायला आलेली ही पोर बघता बघता साऱ्यांची लाडकी झाली होती. आजही तिने घरचा मध आणला होता. सगळ्यांनी बोरसोक, कणकेचे तळलेले गोळे, त्यात बुडवून खाल्ले. बुरुलने कोरडाच खाल्ला. त्या घरचा मध तिने कधी जिभेला लावला नव्हता.

ते घर नदीपलीकडे, पूल ओलांडला की पहिलं. त्या घरचे मागणीचे डूल एके काळी बुरुलच्या कानात पडायचे होते. पडले दुसरीच्या. पुढे बुरुलने कोणाचेच डूल घातले नाहीत. आणि आता त्या घरची सून रोज समोर येऊन बसे, डोक्याच्या रुमालाला त्याच चुलीचा धूर घेऊन. दवाखान्याच्या फाटकाशी सासू दिसली की पोर हात दुमडून कमरेत वाकायची. ते सुनेचं वाकणं, सासरच्या वडीलधाऱ्यांपुढचंच. परक्यापुढे कोणी तसं वाकत नाही. बुरुल खिडकीतून बघायची आणि पुन्हा कामात डोकं घालायची.

दोन दिवसांनी सकाळी तिने नोंदी उघडल्या आणि पेला हातातच राहिला. आयचुरोकने पलीकडच्या गावाची कार्डं एकामागून एक उघडली होती. म्हाताऱ्यांची, बाळंतिणींची, जिचा गर्भ पडल्याचं तिच्या आईलाही ठाऊक नव्हतं, तिचंसुद्धा. एका कार्डाशी येऊन ती थांबली होती. ते कोणाचं, हे बुरुलने नुसत्या क्रमांकावरून ओळखलं. दर हिवाळ्याच्या तोंडावर ती स्वतः ते उघडायची. रक्तदाब किती, गुडघा कसा, वाचायची आणि मिटायची. तिला विचारणारं कोणी नव्हतं.

सापडलीस, पोरी. तिच्या छातीत काहीतरी गोड-कडू हललं. ती उठली आणि थेट डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरांनी आयचुरोकला बोलावून घेतलं. बुरुल दाराशी उभी राहिली.

"गावभरची कार्डं कशाला चाळलीस? लोकांची दुखणी म्हणजे काय बाजारातल्या गप्पा? खरं सांग, नाहीतर आजच घरी जा."

पोरीचे कान लाल झाले. "मला एकच हवं होतं, डॉक्टर. सासऱ्यांना तपासणीची तारीख द्यायची होती."

"मग नाव घालून शोधायचं."

"त्यांचं नाव मी कसं घेऊ? सून ना मी."

"घेऊ नकोस. टाइप कर!"

"बोटं काय जिभेहून परकी असतात?"

शहरात वाढलेल्या डॉक्टरांनी कपाळ चोळलं. "बरं बाई. पण मला कसं कळायचं? कोण तुझे सासरे?"

आयचुरोकने बुरुलकडे पाहिलं. सुनेची अडचण होते तिथे शेजारचं कोणीतरी नाव घेतं, तशी रीतच आहे. "एजे, तुम्ही सांगा ना."

बुरुलने तोंड उघडलं. नाव जिभेच्या टोकाशी आलं आणि तिथेच बसलं. कोवळ्या वयात टकळी फिरवताना ती गुणगुणायची,

नाव तुझं घेईना मी, ओठ माझे शिवलेले,
वाऱ्या, तूच हाक मार, डोंगर मध्ये उभे ठेले.

"ते... पुलापलीकडचे," ती म्हणाली. "मधमाश्या पाळतात. डावा पाय जरा ओढत चालतात."

"अहो, नाव सांगा, नाव!"

"क्रमांक घाला." आणि कुठेही न बघता तिने एकेक आकडा सांगितला.

डॉक्टरांनी कार्ड उघडून तारीख पाहिली. आयचुरोकने नुकतीच भरलेली होती. "पोरगी खरं बोलतेय. पण गावावरून शोधणं आजपासून बंद, एजे. क्रमांक घालायचा, एकच कार्ड उघडायचं. कळलं ना गं, पोरी?" आणि त्यांनी पुढचे कागद ओढले.

आयचुरोक मात्र जागची हलली नाही. ती बुरुलकडे बघत होती. मग तिने रुमाल कपाळावर ओढला, हात दुमडले आणि कमरेत वाकली. फाटकाशी वाकायची, अगदी तशी.

वाकलेल्या सुनेला उत्तर द्यावंच लागतं.

"औक्षवंत हो," बुरुल म्हणाली. आवाज तिचा तिलाच नवा वाटला.

जागेवर येऊन तिने यादी उघडली. आयचुरोकच्या नावासमोर क्रमांकावरून शोधायची चौकट भरली. मग वर सरकत ती स्वतःच्या नावाशी आली. तिथे सगळ्याच खुणा होत्या. कार्डांसमोरच्या खुणेवर तिचं बोट थोडा वेळ थबकलं. मग तिने ती पुसून टाकली.

"एजे!" तुर्सुन बाहेरून ओरडली. "चहा निवतोय. आणि मध संपत आलाय, मग बोलू नकोस हं."

"आले," बुरुल म्हणाली. "माझ्यापुरता ठेव थोडा."