सयवेलीचा द्रोण

दगडाबाईने पळसाचा द्रोण एका दमात रिकामा केला आणि पदराने तोंड पुसले. सयवेलीचा रस कडूजहर लागला, पण तोंड वाकडे करणाऱ्यांतली ती नव्हती.

"डोळे मिटा, वहिनी," सहादेव भगत म्हणाला. "नाव घ्या मनात."

जामखेडच्या माळावरच्या त्या देवाच्या ठाण्याची रीत एकच. ज्याचे नाव घ्यावे तो मेलेला असेल तर डोळ्यांपुढे येतो, जिवंत असेल तर नुसता अंधार. सहादेवाच्या बापाच्या काळात माणसे रस पिऊन घटकाघटका मेलेल्यांशी बोलत बसत.

भूकंपाच्या साली कोपरगावकडे ऊसतोडीला गेलेला तिचा गोरक्ष परतलाच नव्हता. दर चैत्रात दगडाबाई येई, अंधार बघे आणि पोरगं जितं हाय म्हणत घरी जाई. मागोमाग सून बनू, कपाळाचे कुंकू सांभाळत.

यंदा बनूचा भाऊ बैलगाडी घेऊन आला होता. बहिणीचा पाट लावून तिचा दुसरा संसार मांडून द्यायचा त्याचा विचार. बनू मात्र एकच म्हणे, "ते जिते असताना मी कशी येऊ?"

दगडाबाईने गोरक्षचे नाव घेतले. अंधार. तिचा जीव भांड्यात पडला.

मग तिला नवरा आठवला, कानिफनाथ. उखाण्याशिवाय कधी न घेतलेले त्याचे नाव तिने मनात घेतले. दोनच महिन्यांपूर्वी, माघात, त्याने तिच्याच मांडीवर प्राण सोडला होता.

अंधार. तिने पुन्हा हाक मारली. अंधारच.

तिने डोळे उघडले. सहादेव खाली बघत होता. ठाण्यामागच्या ज्या कड्यावर पूर्वी सयवेल पसरलेली असे, तिथे आता वेलीचा मागमूस नव्हता. येताना तिने ते पाहिले होते, पण मनावर घेतले नव्हते. वेल कोणत्या साली वाळली आणि तेव्हापासून ती कसला पाला पीत आली, देव जाणे. तिला सहादेवाचा राग यायला हवा होता. आला तो स्वतःचाच. असल्या अंधारावर तिने परक्याची लेक दारात बांधून ठेवली होती.

"आत्याबाई, दिसलं का कोनी?" बनूने विचारले. तिच्या कानशिलावर पांढरे केस दिसत होते.

"दिसला," दगडाबाई म्हणाली. "गोरक्ष दिसला गं."

सहादेवाने चमकून वर बघितले.

बनूने हंबरडा फोडला. दगडाबाईने तिला पोटाशी धरले, ज्या पदराने तोंड पुसले होते त्यानेच तिचे कुंकू पुसले आणि हाताला धरून भावाच्या गाडीत बसवले.

गाडी ओढ्यापलीकडे गेल्यावर ती परत येऊन द्रोणापाशी बसली.

"भावजी, खऱ्या वेलीचं एखादं पान तरी ऱ्हायलंय का कुठं?"

सहादेवाने मान हलवली.

"न्हाई, वहिनी."