मधला जिना

मावशी संस्थेत रुजू झाली त्याच दिवशी संस्था चालवणाऱ्या मॅडमनी तिला बजावलं होतं, "मुलांना वेळ द्या, मांडीवर घ्या, नाकं पुसा. पण शब्द देऊ नका. तो पाळणं आपल्या हातात नसतं."

मावशीने मान डोलावली आणि वर्षाच्या आत शब्द देऊन बसली.

आता तिला निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. पण त्या दिवसांचा विषय निघाला की तिला आधी शाईचा वास येतो. संस्थेच्या दोन खोल्या एका छापखान्याच्या वर होत्या. खाली यंत्र सुरू झालं की वरची जमीन थरथरायची, कपाटातले पेले किणकिणायचे आणि रडणारं मूल रडणं विसरून जमिनीला कान लावायचं. "निम्मं काम तर हा छापखानाच करतो," असं मॅडम म्हणायच्या. काम सांगायला सोपं होतं: ज्या मुलांचं कुणी उरलं नाही, त्यांना सांभाळणारं घर शोधायचं. करताना मात्र नाकी नऊ यायचे. तरीही सकाळी तो जिना चढताना जी घाई व्हायची, तशी पुढे आयुष्यात कशाची झाली नाही.

त्या वर्षी दोघी बहिणी आल्या. मोठी नऊ वर्षांची, धाकटी चार. मोठी स्वतः काडीसारखी, पण धाकटीला कडेवरून खाली ठेवायची नाही. धाकटी म्हणजे लोण्याचा गोळा, कुणाकडेही जायची. मोठीच्या डोळ्यांत मात्र वकील बसलेला. तिसऱ्या दिवशी तिने मावशीला कोपऱ्यात गाठलं.

"मावशी, आम्हाला वेगळं करणार का?"

"छे गं! तुम्ही एकत्रच राहणार. मी आहे ना!"

पलीकडच्या टेबलाशी मॅडम फक्त चष्मा काढून पुसत बसल्या.

पुढचे सात महिने लोक येत राहिले, धाकटीवर भाळत राहिले आणि मोठीकडे बघून घसा खाकरत राहिले. शेवटी एक नर्स आणि तिचा नवरा आले. माणसं सोन्यासारखी. पण दोन खोल्यांचं घर, त्यात अंथरुणाला खिळलेली सासू. नर्स खाली मान घालून म्हणाली, "दोघींना न्यायला मन आहे हो, पण जागा नाही."

ती गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "धाकटीचं बालपण आपल्या शब्दासाठी थांबणार नाही." मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. मॅडमचं खरं होतं, तेच तर दुखत होतं.

रीतीप्रमाणे मावशी नर्सचं घर बघायला गेली. इमारत जुनी, घर तिसऱ्या मजल्यावर. परत उतरताना तिच्या पिशवीचा बंद तुटला. तळमजल्यावर एका शिंप्याचं दुकान होतं, मागेच त्याचं घर. शिंप्याची बायको पिशवीला टाके घालू लागली, आणि मावशी सवयीने घराकडे नजर फिरवू लागली. नीटनेटकी खोली होती, खिडकीत ऊन होतं.

"मुलंबाळं?"

"नाहीत. आता पन्नाशी गाठली. आम्हाला कोण देतंय?"

मावशी पुढे सरकली. "मोठं मूल चालेल? नऊ वर्षांची मुलगी आहे. जरा तोंडाळ आहे, आधीच सांगते."

शिंप्याने मशीनवरचा पाय उचलला. "तोंडाळच बरी. हिला भांडायला कुणीतरी हवंच आहे. मी आपला मशीनच्या आवाजात सुटतो."

"पाहिलंत?" बायको म्हणाली. पण बंदाला घातलेला टाका तिने दुसऱ्यांदा उसवला.

कागदपत्रांत सहा आठवडे गेले. मावशीला वाटलं, आपण गड जिंकला. दोघींना घेऊन ती त्या इमारतीशी पोहोचली, नर्स धाकटीला घ्यायला खाली आली, आणि मग मोठीला उमगलं.

"तू एकत्र म्हणाली होतीस."

"अगं, एकाच इमारतीत तर आहात! हाकेच्या अंतरावर."

"मध्ये जिना आहे," मोठी म्हणाली. धाकटीला तिने स्वतःच कडेवरून उतरवलं, तिचा फ्रॉक सारखा केला आणि ती शिंप्याच्या दुकानात शिरली. मागे वळून बघितलं नाही.

पुढचे तीन महिने मावशी भेटीला गेली की मोठी भिंतीकडे तोंड करून बसायची. शिंप्याची बायको कानात सांगायची, "खाते-पिते, शाळेत जाते. फक्त तुमच्यावर राग आहे." मावशी हसून वेळ मारून न्यायची आणि परतीच्या वाटेवर डोळे पुसायची.

चौथ्या महिन्यात ती गेली तर दुकानात कुणी नाही. वरून गलका ऐकू येत होता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर चटई अंथरलेली, दोघी बहिणी वह्या पसरून बसलेल्या. शिंप्याची बायको खालून ताट घेऊन आली होती, नर्स वरून. शिंपी पायरीवर बसून जेवत होता आणि नर्सच्या नवऱ्याला कपड्याच्या मापाचं काहीतरी समजावत होता. दोन्ही घरांनी मध्येच तिसरं घर थाटलं होतं!

मोठीने मान वर केली. क्षणभर बघितलं. मग धाकटीला कोपराने ढोसलं, "सरक ना जरा. मावशीला बसू दे."

त्यानंतरही मावशीने बरीच घरं शोधली. सगळीच जमली नाहीत. दोन भाऊ दोन गावांना गेले, त्यांचे चेहरे तिला अजून आठवतात. त्यांना तिने शब्द दिला नव्हता, पण म्हणून ते कमी सललं असं नाही.

छापखाना कधीच बंद पडला. धाकटी शिकून दूर गेली. दुकान आता मोठी चालवते, आणि म्हातारी झालेली शिंप्याची बायको शेजारी बसून तिच्या टाक्यांना नावं ठेवते. मावशी परवा तिथे गेली होती. बोलता बोलता तिने विचारलंच, "काय गं, माझ्यावरचा राग गेला का कधी?"

मोठीने दाताने दोरा तोडला. "थोडा ठेवलाय," ती हसली. "तेवढ्यासाठी तरी येत जा." आणि टेप घेऊन ती मावशीच्या खांद्यांचं माप घेऊ लागली.