कोंड्याचं मेण आणि दोन पत्रे

छपरावरचा बर्फ उपसताना म्हातारा पडून मेला, की आमच्या योकोतेत कोणी फार वेळ हळहळत नाही. दर हिवाळ्यात कुणीतरी जातंच. म्हणून माझ्या मुलानं, शूहेईनं, अट घातली. "बाबा, बर्फ आपोआप घसरतो हे सिद्ध करा, नाहीतर ह्या हिवाळ्यात घर बंद करून आमच्याकडे सैतामाला या."

घर सोडायचं नव्हतं मला. तांदळाच्या कोंड्याच्या मेणाचा लेप केला. अंगणात छपराचे दोन पत्रे तिरके उभे केले, एक लेपाचा, एक कोरा. लेपावरचा बर्फ सरसर खाली यायचा, कोऱ्यावरचा बसून राहायचा. घर वाचलं म्हटलं.

आमचं रविवारचं संशोधक मंडळ येऊन बघून गेलं. अध्यक्ष नुमाता-सान म्हणाले, "वा, हाताकेयामा-सान, डोकं आहे हो!" टाळ्या. सोनेरी शिक्क्याचं प्रशस्तिपत्र. पण ह्या मंडळात टाळ्या न मिळालेला माणूस मी पाहिलेला नाही. कुत्र्याला छत्री बांधणाऱ्यालाही मिळाल्या. समोरच्याचं मन दुखू नये म्हणून खोटं बोलायचं आणि वर त्याला सभ्यपणा म्हणायचं! थू!

शेवटी प्रांताच्या चाचणी केंद्राला फोन केला. तिथे कोणीही आपली वस्तू न्यावी, फी भरावी, ते मोजून देतात. दोन्ही पत्रे गाडीत टाकून गेलो. ओनोदेरा नावाच्या तरुण बाई होत्या.

"दावा काय आहे तुमचा?"

"बर्फ घसरतो."

"तो सगळ्याच पत्र्यांवरून घसरतो, आजोबा. कशापेक्षा लवकर? किती उतारावर?"

इतकी वर्षं मंडळात जातोय, हे कोणी विचारलं नव्हतं.

"घरी पत्रे पुसत होतात?"

"माझा पुसायचो. लोक बघायला यायचे. मळकी वस्तू पुढे कशी ठेवणार?"

"आणि कोरा?"

"तो कुठे कुणाला दाखवायचा होता!"

बाई हसल्या नाहीत. "मग परीक्षा फडक्याची झाली. लेपाची नाही."

त्यांनी दोन्ही पत्रे सारखे पुसले. लेप मुळात दिसतच नाही. ओळखीच्या खुणा मागे होत्या, त्यांवर चिकटपट्टी लावली. थंड खोलीत केंद्रातल्या एकानं पत्रा बसवायचा, वर बर्फ टाकायचा, हळूहळू कलता करायचा. बर्फ सुटला की बाईंनी कोन वाचायचा. कुठला पत्रा कोणता, ते त्यांनाही ठाऊक नाही. पुन्हा पुन्हा केलं. मग दोन्हींना काजळी फासून तेच. मी काचेबाहेर उभा होतो, हात खिशात घालून.

चिकटपट्ट्या काढल्या. आकडे समोर ठेवले.

"फरक नाही," बाई म्हणाल्या. "पुसलेल्या दोन्हींवरून बर्फ घसरतो. मळलेल्या दोन्हींवर अडतो."

"थोडासा तरी?"

"नाही, आजोबा."

बायको गेल्यापासून मला तोंडावर 'नाही' म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. मी वाकून आभार मानले. दोन्ही पत्रे परत गाडीत टाकले.

संध्याकाळी शूहेईचा फोन. "काय म्हणालं तुमचं मंडळ?"

"बक्षीस दिलं."

"मग झालं की! राहा तिकडेच निवांत."

त्याचा आवाज एवढा हलका झाला, की मला कळायचं ते कळलं. गप्प बसलो असतो तर दोघांचंही भागलं असतं. प्रशस्तिपत्र समोर भिंतीवर होतं. त्याचा फोटो पाठवला असता, तर पोरानं आनंदानं मानला असता. आणि मी काठी टेकत छपरावर चढलो असतो.

"केंद्रात मोजून घेतलं," मी म्हणालो. "लेप फुकट आहे. काही होत नाही त्यानं. येतो मी."

पलीकडे टीव्ही चालू होता. कुणीतरी तो बारीक केला.

"बरं," शूहेई म्हणाला. "पण खोली लहान आहे, बाबा."

"लहान म्हणजे किती?" मी विचारलं.